परदेशी जन्मलेल्या नातवंडांची नोंद

धान्याची अडत करणाऱ्याने कायद्याच्या विषयात लेखणी चालवावी, हे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु बेळगाव-निपाणीकडील आपल्या व्यापारी घराण्यांतील मुले आता दुबई, सिंगापूर, अमेरिका येथे नोकरीधंद्यानिमित्त राहू लागली असून तेथेच नातवंडे जन्मास येत आहेत. बारशाचे पेढे पेढीवर आले की आम्ही प्रथम विचारतो, "वकिलातीत नोंद झाली काय?" बहुधा उत्तर मिळते, "आईबाप दोघेही भारतीय. मग नोंद कशाला?"

हा समज एके काळी बव्हंशी बरोबर होता, म्हणूनच तो आज अधिक घातक आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यान्वये परदेशी जन्मलेले मूल सामान्यतः पित्याच्या नागरिकत्वावरून भारतीय ठरे. १० डिसेंबर १९९२ पासून मातेचे नागरिकत्वही त्यास पुरेसे झाले. पुढे ३ डिसेंबर २००४ पासून नियम पालटला. त्यानंतर जन्मलेल्या बालकाची नोंद एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत व्हावयास हवी. मुदत टळल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. नोंदीवाचून ते मूल भारतीय नागरिक ठरत नाही. वडीलधारी मंडळी आपल्या काळच्या अनुभवावरून जो सल्ला देतात, तो येथे उपयोगी नाही. हुंडीची मुदत चुकल्यास काय होते हे व्यापाऱ्यास सांगावयास नको; येथे मात्र भोगावे लागते ते बालकास.

आखातात ही हयगय फार महाग पडते. संयुक्त अरब अमिरातीत केवळ तेथे जन्मल्याने परदेशी दांपत्याच्या मुलास नागरिकत्व मिळत नाही. इकडची नोंद नाही, तिकडचा हक्क नाही, मग पासपोर्ट कोणाचा? पासपोर्टावाचून निवासाचा परवाना नाही आणि आजोळी येणेही नाही.

अमेरिकेत पेच उलटा. तेथे जन्मलेल्या मुलास जन्मानेच नागरिकत्व मिळत आले आहे. मायदेशी येण्याच्या घाईत आईबाप त्याचा अमेरिकन पासपोर्ट काढतात. परंतु आपल्या वकिलातीत नोंद करताना मुलाजवळ परदेशी पासपोर्ट नाही असे लिहून द्यावे लागते; तेव्हा तो मार्ग खुंटतो. मग 'ओव्हरसीज सिटिझन' चे कार्ड उरते. नावात नागरिक असला तरी कार्डधारकास मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्यांची घरची शेती आहे त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. नोंद होऊन दोन्ही नागरिकत्वे राहिली, तरी सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत परके नागरिकत्व सोडावे लागते. अन्यथा भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते.

कागदपत्रे फार नाहीत : तेथील जन्मदाखला, आईबापांचे पासपोर्ट, विवाहनोंदणीचा दाखला. अडते ते नावांपाशी. आपल्याकडे शाळेच्या कानडी दाखल्यात आजोबा 'अण्णाप्पा', लग्नाच्या नोंदीत 'अण्णासाहेब' आणि पासपोर्टात नुसतेच 'अण्णा'! आमच्या परिचयातील एका कुटुंबाचे काम एवढ्यावरूनच कित्येक महिने खोळंबले होते. सून परदेशीच बाळंत होणार असेल, तर डोहाळजेवणाच्या सुमारासच सर्व कागद समोर ठेवून नावे ताडून पाहावीत, आणि विवाहाची नोंद राहिली असेल तर ती त्याआधी करून घ्यावी.