पालखी बहिणीच्या दारी

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात आणि संध्याकाळी देवाची पालखी यमाईच्या देवळाकडे निघते. यमाई ही जोतिबाची बहीण, असं भाविक मानतात. त्या दिवशी तिचं कट्यारीशी लग्न लागतं. एका यात्रेत माझ्यापुढे साठीतले बहीण-भाऊ चालत होते, दोघांच्या पापण्यांवरसुद्धा गुलाल. पायरीशी ती दमून थांबली, तशी त्यानं तिच्या हातातली नारळ-खोबऱ्याची पिशवी काढून घेतली. देवळापर्यंत दोघं एक शब्द बोलले नाहीत.

सचिन कुंडलकर यांचा २०१४चा ‘हॅपी जर्नी’ हा सिनेमा मला तिथंच आठवला. निरंजन (अतुल कुलकर्णी) परदेशात नोकरी करणारा, घरापासून तुटलेला. धाकटी जानकी (प्रिया बापट) आजारपणात जाते आणि मग त्याला दिसू लागते. फक्त त्यालाच. मेलेल्या बहिणीसोबत भावाचा गाडीतून प्रवास सुरू होतो.

आपल्याकडे मोठी झालेली भावंडं नाटक-सिनेमात आली की पाठोपाठ वाटणी येते. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकात वडील गेल्यावर भावंडं जमतात; अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर उभा असतो. आपल्या घरांचं ते चित्र खरंच आहे. पण जिथं वाटून घ्यायला काही उरलेलं नाही, तिथं भाऊ-बहीण एकमेकांना काय सांगतील?

हा प्रश्न कुंडलकरांनी फार आधीपासून धरलेला दिसतो. २००६च्या ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबरीत तनय आणि अनुजा एकाच माणसावर प्रेम करतात. एका घरात राहून दोघं आपापली कहाणी वेगवेगळी सांगतात. आधी तो, मग ती. ‘हॅपी जर्नी’त त्यांनी भावंडांना घरातून उचललं आणि गाडीत शेजारी बसवलं. गाडीत उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. मला हीच या सिनेमाची मोठी कल्पकता वाटते, भूत त्यानंतर.

आणि भूतही कसं, तर हट्ट करणारं, खोड्या काढणारं, अगदी शेंडेफळ. तिला भावाकडून सूड नको, श्राद्ध नको. त्यानं जगायला लागावं, एवढंच तिचं मागणं. निरंजनला आपली बहीण माणूस म्हणून कळायला लागते, तेव्हा राखी बांधणारा तिचा हात उरलेला नसतो.