मध्यकायाच्या मांसपेशी आणि रोवणीतील कटिशूल

धान हे आपल्या गोंदिया जिल्ह्याचे मुख्य पीक. रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे कटिशूलाने त्रस्त स्त्री-रुग्णांची संख्या वाढते. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या या भगिनींची मजुरी कंबरेच्या बळावरच अवलंबून असते. त्यांची चिकित्सा करताना केवळ पृष्ठभाग तपासून भागत नाही. संपूर्ण मध्यकायाचा विचार करावा लागतो.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात ५०० पेशी वर्णिल्या असून त्यांपैकी ६६ कोष्ठात आहेत. त्यांत पृष्ठाच्या दोन्ही बाजूंस पाच-पाच दीर्घ पेशी, पार्श्वभागी ६, वक्षःस्थळी १० व उदरात ५ सांगितल्या आहेत. सिरा, स्नायू, अस्थी व संधी यांना पेशींच्या आवरणामुळेच बल प्राप्त होते, असे आचार्यांचे मत आहे. आधुनिक गणना भिन्न असली तरी हे तत्त्व आजही लागू पडते.

मागे इरेक्टर स्पायनी व मल्टिफिडस, पुढे व बाजूंस उदरभित्तीच्या पेशी, वर महाप्राचीरा आणि खाली श्रोणितलाच्या पेशी मिळून जणू एक बंदिस्त पेटी तयार होते. उदरभित्तीतील सर्वांत आतली ट्रान्सव्हर्सस ॲब्डोमिनिस ही पेशी थोरॅकोलंबर फॅशियाद्वारे कटिकशेरुकांशी जोडलेली असते. निरोगी व्यक्तीत हात उचलण्यापूर्वीच ती आकुंचन पावून कण्यास आधार देते. म्हणजेच उदर दुर्बल झाले तर त्याचा भार पृष्ठावर पडतो.

अर्धवट वाकलेल्या स्थितीत धडाचा भार इरेक्टर स्पायनी पेलते. पूर्ण वाकल्यावर मात्र ती बहुतांशी शिथिल होऊन भार कण्याच्या बंधांवर येतो. दीर्घकाळ ताणलेले बंध सैलावतात व पूर्ववत होण्यास वेळ घेतात. म्हणून वाकून काम केल्यावर लगेच पऱ्ह्यांची जड पेंढी उचलणे धोक्याचे ठरते.

स्नेहन, स्वेदन व कटिबस्तीने वेदना शमते. परंतु पेशीबल वाढण्यासाठी व्यायामच हवा. मधूनमधून सरळ उभे राहावे व ओझे उचलण्यापूर्वी काही मिनिटे थांबावे, असे रुग्णास सांगावे. वेदना ओसरल्यावर मार्जारासन व सेतुबंधासन क्रमाने सुरू करावे. प्रसूतेची उदरभित्ती अवश्य तपासावी. पायात वाढती दुर्बलता, गुदप्रदेशी बधिरता वा मूत्रावरोध आढळल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

शारीराचे ज्ञान ग्रंथापुरते न राहता बांधापर्यंत पोहोचले, तरच या कष्टकरी भगिनींचा हंगाम निभावेल.