धुऱ्यावरची तार

गेल्या आश्विनात, धान निसवत असताना, पहाटे साडेतीनच्या सुमारास आमच्या गड्याने दाराची कडी वाजवली. त्याच्या हातात बॅटरी होती आणि पायात चपला नव्हत्या. ‘बाबूजी, खालच्या बांधीच्या धुऱ्यावर तार हाय जी. चालू हाय,’ एवढेच तो म्हणाला.

मी गेलो. धुऱ्याच्या कडेने वीतभर उंचीच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या, त्यांवर रबरी नळीचे तुकडे आणि त्यांवरून साधी लोखंडी तार. तारेला चिकटून एक मुंगूस मरून पडले होते. पंपाच्या लाइनवर आकडा टाकला होता. गड्याने वाळल्या बांबूने तो आकडा काढला. तेव्हा खांबाशेजारच्या पळसाच्या झुडपातून एक माणूस उठून उभा राहिला. पळाला नाही. पळाला असता तर बरे झाले असते असे मला पुढे अनेकदा वाटले.

त्या धुऱ्यावरून गड्याची बायको रोज फटफटताना सरपणाला जाते. आणखी दोन तासांनी ती तिथून गेली असती.

माणूस ओळखीचा होता. शेजारच्या गावचा, दोन एकर जबरान जोतीचा कास्तकार. जबरान जोत हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला नवा असेल. जंगलाची किंवा झुडपी जंगलाची जमीन पट्टा नसताना वाहिलेली, ती जबरान जोत. आमच्या दोन जिल्ह्यांत हा शब्द पोरालाही कळतो. माझ्या गड्याला तो क्षणभर विसरला आणि मला म्हणाला, ‘जंगल सरकारचं, डुक्कर सरकारचं. धान तेवढं माहं. मंग मी पकडू कोनाले, मालक?’

त्या ‘मालक’ने मला जरा चपापल्यासारखे झाले. कारण त्याचा आजा माझ्या आजोबांच्या शिकारीत हाकारा होता.

मूल हे चंद्रपूरहून गडचिरोलीला जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. पश्चिमेला ताडोबा-अंधारीचे जंगल, उत्तरेला सिंदेवाही-ब्रह्मपुरीचे, पूर्वेला वैनगंगा आणि तिच्यापलीकडे गडचिरोली. मधल्या जागेत धानाच्या बांध्या आणि मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी गेली, तिचे ‘मा. मा.’ तेवढे तलावांना चिकटून राहिले. आमचे आजोबा अशाच एका लहानशा गावाचे मालगुजार. तलाव त्यांचा, गावालगतचे जंगल त्यांचे, आणि जंगलातले जनावरही त्यांचेच, असे ते समजत.

त्या काळी चांदा जिल्ह्यात दोन तऱ्हेची जंगले होती. एक सरकारी राखीव, ज्याचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत. परवाना घ्यायचा, ठरलेल्या मुदतीपुरता ब्लॉक आपला, आणि परवान्यात लिहिली असतील तितकीच जनावरे मारायची. दुसरे मालगुजारांचे आणि जमीनदारांचे खासगी. अहेरीसारख्या मोठ्या जमीनदारीपुढे आमचे जंगल म्हणजे परसबाग. पण परसबागेचाही मालक मालकच. गावकऱ्यांचा निस्तार, म्हणजे सरपण, कुंपणाचे काटे, नांगराचे लाकूड, गुरांची चराई, वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदलेला असे आणि तो आजोबाही मोडत नसत. शिकारीला मात्र निस्तार नव्हता.

शिकारीत कुणी चोरून शिरले तर काय होई, ते मी आजीकडून ऐकले आहे. फासे लावणारा किंवा भरमार बंदूक घेऊन फिरणारा सापडला की कोतवाल त्याला वाड्याच्या ओसरीवर आणून बसवी. दिवसभर नुसते बसवायचे. आजोबा संध्याकाळी बाहेर येत, त्याचे फासे मोजत आणि विचारत, ‘घरी खाणारे किती?’ उत्तर काही आले तरी शिक्षा ठरलेली: तलावाच्या पाळीवर चार दिवस माती टाकायची, बिनमजुरीची. आजी हे आजोबांच्या दयाळूपणाची गोष्ट म्हणून सांगे. लहानपणी मलाही ती तशीच वाटे. ती बेगार होती हे मला कॉलेजात कळले, आणि आमच्या तलावाची पाळ इतकी भक्कम का, हेही.

शिकारीच्या दिवशी तोच चोर हाकारा होई, ही त्यातली खरी गंमत. जंगलाच्या वाटा त्यालाच ठाऊक. आजोबा मचाणावर बसत आणि हा डबा बडवत वाघाच्या अंगावर जाई. जनावराची वाट चुकली तर फाडला जाणारा तो. त्याचा मोबदला आठ आणे आणि मांसाचा वाटा. म्हणजे एकाच जंगलात, एकाच जनावरामागे, एकच माणूस मंगळवारी गुन्हेगार आणि रविवारी चाकर.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ साली जंगल सरकारजमा झाले. आजोबांनी ते मनाला लावून घेतले. पण हाकाऱ्यांच्या घरी दिवाळी झाली म्हणावे तर तसेही नाही. मालगुजाराचा कोतवाल गेला आणि नाकेदार आला. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे २६ वे कलम वाचून पाहावे. राखीव जंगलात विनापरवाना शिरणे, गुरे चारणे, लाकूड तोडणे, मासे धरणे, शिकार करणे, फासे लावणे, सगळे एका माळेत ओवलेले आहे. मूळ शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोळी आणणारी बाई आणि बंदूक घेऊन जाणारा शौकीन यांना एकाच कलमात बसवण्याचे कसब इंग्रजांचेच. शौकिनांची मात्र पुढेही वीस वर्षे चंगळ होती. जीप आणि सर्चलाइट घेऊन नागपूरकडची मंडळी येत, ती मी स्वतः पाहिली आहेत. वाघाच्या शिकारीवर बंदी आली १९७० साली आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली. ताडोबात ती १९३५ पासूनच बंद होती. वडिलांनी आजोबांची बारा बोअरची बंदूक जमा केली. भिंतीत ती अडकवायची खुंटी राहिली, तिच्यावर आता छत्री असते.

हे सगळे आठवत मी त्या पहाटे धुऱ्यावर उभा होतो आणि समोर घुसखोर उभा होता. माझ्या जमिनीवर, माझ्या लाइनवरून, माझ्या माणसांचा जीव जाईल अशी तार लावून.

शिकारीच्या खासगी जमिनीवर शिरणाऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न जगात सर्वांत क्रूरपणे सोडवला तो इंग्लंडातल्या जमीनदारांनी. १७२३ साली त्यांच्या पार्लमेंटने एक कायदा केला, त्यात तोंडाला काळे फासून हरणांच्या राखीव रानात शिरणाऱ्याला फाशी होती. पुढे जमीनदारांनी आपल्या रानात चाप-बंदुका लावल्या. झुडपात बंदूक बांधायची आणि तिच्या चापाची तार वाटेवर ताणायची. पाय अडखळला की गोळी सुटते. माणसाची तंगडी धरणारे लोखंडी सापळेही असत. त्यात चोर सापडत, तसे फुले तोडायला गेलेली पोरे, वाट चुकलेले पाहुणे आणि मालकाचे स्वतःचे नोकरही सापडत. तारेला डोळे नसतात. अखेर १८२७ साली पार्लमेंटनेच या बंदुका आणि सापळे बेकायदा ठरवले. रात्री राहत्या घराच्या रक्षणासाठी तेवढी सूट ठेवली. मालकी कितीही पक्की असली तरी आपण हजर नसताना माणूस मारण्याचा हक्क तिच्यातून निघत नाही, हे त्या देशाला कळायला शंभर वर्षे लागली.

आमच्याकडे गंमत उलटी झाली आहे. तार ताणतो तो जमीनदार नव्हे, घुसखोर. आणि कधी कधी, खोटे कशाला बोलू, जमिनीचा मालकही. रानडुक्कर आणि रोही रात्रीत एकर-दीड एकर लोळवतात. जागल करायला माळ्यावर बसावे तर खाली वाघ. नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामा, फोटो, सातबारा. जबरान जोतवाल्याकडे सातबाराच नाही, तेव्हा त्याचे धान डुकराने खाल्ले तरी कागदावर ते उगवलेलेच नसते. २०१५ साली राज्य सरकारने पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना आणि रोह्यांना परवानगीने मारण्याची पद्धत घालून दिली. पुढच्याच वर्षी तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी चंद्रपुरात ५३ रानडुकरे मारल्याचे सांगून मोठा वाद उठवला. तो वाद दिल्लीच्या वाहिन्यांवर रंगला. इकडे डुकरांची शिरगणती कुणी केली नाही. ज्यांना परवानगीची वाट पाहवत नाही ते तार लावतात, आणि त्या तारेला डुकराबरोबर चितळ, कधी गाय, कधी वाघ आणि कधी शेजारी चिकटतो.

तक्रार करावी तर कायदा माझ्या बाजूने होता. गुन्हा करण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या जमिनीत शिरणे याला १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. शिकारीच्या प्रयत्नाचे वेगळे. रानडुकरासाठी तीन वर्षांपर्यंत, आणि तारेला वाघ लागला तर किमान तीन आणि सात वर्षांपर्यंत. गड्याचे म्हणणे स्पष्ट होते: ‘द्या ठाण्यात.’ त्याची बायको मेली असती, तेव्हा त्याचा राग मी चुकीचा म्हणू शकत नाही. आजही म्हणत नाही.

पण माझ्या डोळ्यांपुढे आजोबांची ओसरी येत होती. आणि आणखी एक गोष्ट. या माणसाच्या वडिलांनी ती दोन एकर जमीन वाहायला घेतली, तेव्हा ती आमच्याच जुन्या मालगुजारीतली झुडपी होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने असल्या जमिनींचे पट्टे देण्याची वाट मोकळी केली. आदिवासी असेल तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा पुरे. बिगर आदिवासी असेल तर त्याशिवाय तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवायचे. हा बिगर आदिवासी. पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद त्याच्या घरात कुठून असणार? तो कागद असलाच तर आमच्या घरात. आजोबांच्या हिशेबाच्या वहीत हाकाऱ्यांची नावे आहेत, त्यांत त्याच्या आजाचे नाव आहे. समोर आठ आणे. एका पानावर ‘फासे, ४ दिवस पाळ’ असेही आहे.

वैनगंगेपलीकडे मेंढा-लेखाने २००९ साली अठराशे हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळवला आणि आपल्या जंगलात कोण, कधी, कशासाठी जाईल हे ग्रामसभा ठरवू लागली. तिथे चुकणाराही ग्रामसभेत येऊन बसतो. आमच्या बाजूला अजून ज्याला त्याला आपापला धुरा. बफरमध्ये तर नवे मालगुजार आले आहेत. पाच-दहा एकर घ्यायचे, भिंत घालायची, पोहण्याचा तलाव बांधायचा आणि फाटकावर लिहायचे, ‘खासगी मालमत्ता, प्रवेश बंद’. वाघ त्या भिंतीवरून उडी मारून जातो, त्याचे पाहुणे फोटो काढतात. आणि बोटेझरीची माणसे, जी पिढ्यान्‌पिढ्या ताडोबाच्या आत राहिली, ती २००७ साली उठून आमच्या तालुक्यात भगवानपूरला आली. आता आपल्या जुन्या गावी जायचे तर त्यांना परवानगी लागते. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी गेल्या. त्यावर चहाच्या टपरीवर एक शहाणा म्हणाला, जंगल वाघाचे, बाया कशाला गेल्या? मी उठून आलो. तेंदूची पाने बाया हौसेने तोडत नाहीत.

असो. मी ठाण्यात गेलो नाही. तसे करण्यात न्याय किती होता आणि जुन्या मालकाचा रुबाब किती, हे मला अजून नीट उलगडलेले नाही. ओसरीवर बसवून ‘सोडतो’ म्हणणारे आजोबा आणि मी, यांत फरक असावा म्हणून एक केले. उजाडल्यावर त्याला घेऊन गड्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोला सगळे सांगितले. ठरवायचे तिने. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मुंगसाकडे बोट दाखवून त्याला म्हणाली, ‘हे मी असती तं?’ तो माणूस मघापासून मला उत्तरे देत होता. तिच्यापुढे त्याची मान खाली गेली ती वर आली नाही.

तिने अट घातली ती आमच्या कुणाच्या डोक्यात आली नसती. धान कापून होईपर्यंत त्याने रोज रात्री आमच्या बांधीवर गड्याबरोबर जागल करायची आणि गड्याने त्याच्या जबरान जोतीवर. मी म्हटले, मजुरी मी देतो. (पाळीवरची माती मला आठवत होती.) दोघांनीही घेतली. चाळीस रात्री दोघे डबे बडवत बसले. पहिले आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते असे ऐकतो. त्याचे अर्धे धान वाचले, आमचे थोडे जास्त. आता तीन गावांनी मिळून सौर कुंपणाच्या अनुदानासाठी अर्ज केला आहे. त्यातला झटका बसतो पण जीव जात नाही. पण कुंपण सातबाऱ्याच्या शेताला की जबरानालाही, यावर गाडी अडली आहे. आजोबांच्या वहीच्या त्या पानांची साक्षांकित प्रत मी त्याच्या वनहक्काच्या फायलीला लावून दिली. ‘फासे, ४ दिवस पाळ’ हे पानही लावले. वास्तव्याचा पुरावा म्हणून ते जास्त पक्के आहे, असे फाइल भरून देणाऱ्या पोराचे मत पडले.

दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत, गावात नाटक होते त्या संध्याकाळी, तो नवा सदरा घालून आमच्याकडे आला. चहा घेतला. नातवाला नाटक दाखवायला आणले होते. निघताना उंबऱ्यात थांबला आणि जरा संकोचून म्हणाला,

‘मालक, ते तार द्या ना जी. माही नाही ते. साळ्याची हाय. तो मांगून राह्यला.’

छत्रीच्या खुंटीवरच तारेचे वेटोळे टांगलेले होते. त्याने ते पाहिले होते. मी म्हटले, साळ्याला इकडे पाठव. अजून कुणी आलेले नाही.