कक्षा लांबट, गिरकी तिरकी!

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तेव्हाही गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळातले तरंग, निघतात. किती जोराच्या? जेमतेम 200 वॉट. जुन्या काळचे दोन पिवळे बल्ब पेटतील, बस्स! उलट 14 सप्टेंबर 2015ला लायगो या वेधशाळेने टिपलेल्या टकरीत दोन कृष्णविवरांनी तीन सूर्यांएवढं वस्तुमान क्षणार्धात लहरींत उधळलं.

1974मध्ये हल्स आणि टेलर या खगोलशास्त्रज्ञांना सापडलेली ताऱ्यांची जोडी तर भन्नाटच. त्यातला एक न्यूट्रॉन तारा सेकंदाला 17 गिरक्या घेतो आणि पावणेआठ तासांत प्रदक्षिणा आटोपतो. कक्षा इतकी लांबट, की दोघं दूर असताना अंतर जवळच्या चौपट! तेवढ्याच वेळात पुऱ्या होणाऱ्या गोल कक्षेपेक्षा इथून सुमारे 12 पट ऊर्जा लहरींवाटे जाते. सापेक्षतेमुळे बुधाची कक्षा शतकभरात 43 विकला वळते. या जोडीची दरवर्षी चार अंश वळते. शोधाला 1993चं नोबेल मिळालं.

गंमत पुढेच आहे. लहरी सुटता सुटता कक्षा गोल होत जाते. म्हणून टक्कर जवळ आली तरी लांबटपणा उरलाच असेल, तर ती जोडी ताऱ्यांच्या दाट गर्दीत अलीकडेच जुळली असण्याची शक्यता मोठी. जन्मकथाच हाती लागते!

पण ती वाचायची कशी? गोंगाटातून लहर ओळखायला आधी तिचा गणिती नमुना लागतो. असे नमुने कसे निवडावेत, हे सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर या शास्त्रज्ञांनी 1991मध्येच दाखवलं. खरी कसोटी लागते ती ताऱ्यांच्या किंवा कृष्णविवरांच्या स्वतःभोवतीच्या गिरकीमुळे. ती तिरकी असेल, तर कक्षेची पातळीच भोवऱ्यासारखी डुलते, आणि हे डुलणं कधी कधी लांबटपणासारखंच भासतं. गिरकी फेऱ्यांच्याच दिशेने असली, तर विलीनीकरण लांबतं. हे सगळं एकाच नमुन्यात बसवणं हे आज या क्षेत्रातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचं काम आहे, असं मला वाटतं.

लांबटपणा आणि गिरकी एकत्र धरता येतात, याचा एक पुरावा मुंबईशी जोडलेला आहे. ओजे 287 या दीर्घिकेत 1800 कोटी सूर्यांएवढ्या कृष्णविवराभोवती दुसरं कृष्णविवर लांबट कक्षेत फिरतं, असं मानणारं प्रारूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गोपकुमार आणि सहकाऱ्यांनी अधिक अचूक केलं. मोठ्याची गिरकीही त्यात धरलेली. त्या दीर्घिकेतला 31 जुलै 2019चा प्रकाशाचा भडका त्यांनी वर्तवलेल्या वेळेच्या चार तासांच्या आतबाहेर दिसला!

आणि अशा लहरी टिपणारी आपली लायगो-इंडिया वेधशाळा? तिच्या चार-चार किलोमीटरच्या भुजांसाठी जागा ठरली आहे हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ.