बॉलची लव आणि सुळ्यांची टोकं

कुत्र्याचा ओठ वर करून दात दाखवा म्हटलं, की बहुतेक मालक आधी स्वतःचं नाक मागे घेतात. मग पटाशीच्या दातांवर मधोमध एकेक तपकिरी ठिपका दिसतो आणि प्रश्न येतो, "मॅडम, कीड लागलीय का ओ?" कोल्हापुरात कुत्री-मांजरं तपासायला लागल्यापासून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की उत्तर देण्याआधी मीच विचारते, "हा दिवसभर काय चावत बसतो?"

कुत्र्याच्या दातांना माणसासारखी कीड क्वचितच लागते. तो ठिपका बहुतेक वेळा झिजेचा असतो. सगळ्यात जास्त झीज मला दिसते ती चेंडूवेड्या कुत्र्यांत, म्हणजे लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये. आणि चेंडू बहुधा एकच, टेनिसचा.

आपल्याकडे हा चेंडू टेनिसपेक्षा क्रिकेट जास्त खेळतो. गल्लीत, मैदानात, डांबरावर, गटारात आपटून त्याचा पार काळा गोळा झाला की मुलं तो टाकून देतात आणि कुत्रा उचलून आणतो. आतला रबर मऊच असतो, त्यामुळे मालकाला वाटतं यात धोका कसला? धोका वरच्या लोकरीच्या आणि नायलॉनच्या आवरणात आहे. त्या लवेत माती, वाळू, खडीचा चुरा अडकतो. त्यात कुत्र्याची लाळ मिसळली की चेंडूभर खरखरीत लगदा तयार होतो. राखुंडीने आयुष्यभर दात घासलेल्या आज्यांचे दात म्हातारपणी कसे सपाट झालेले असायचे, आठवतंय? तोच प्रकार. फरक एवढाच, की आजी सकाळी एकदाच दात घासायची आणि आपला टायगर टीव्हीसमोर पसरून तासन्‌तास चेंडू चघळत बसतो.

त्यात कुत्र्याच्या दातावरचं एनॅमल माणसापेक्षा पातळ. आपल्या दाढेवर ते जाडीला दोन-अडीच मिलिमीटर भरतं, कुत्र्याच्या दातावर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणि बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी. एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंतच काम करतात. त्यानंतर गेलेलं एनॅमल परत येत नाही, मग कॅल्शियमच्या कितीही गोळ्या चारा. पिल्लू असताना डिस्टेंपर होऊन वाचलेल्या कुत्र्यांचं एनॅमल तर आधीच खड्ड्याखड्ड्यांचं असतं, त्यांचे दात आणखी लवकर झिजतात.

एनॅमलच्या खाली डेंटिन असतं आणि ते जिवंत असतं. झीज सावकाश होत असेल तर दात आतून नवं डेंटिन रचत जातो. नस मागे सरकते, तिच्यापुढे भिंत उभी राहते. ही भिंत रंगाने गडद, म्हणजे तुम्हाला दिसलेला तो तपकिरी ठिपका. मी दातावरून बारीक टोकाची सळई फिरवते. ती गुळगुळीत सरकली तर दाताने स्वतःला सांभाळलंय, काही करायचं नाही, सवय तेवढी बदलायची. पण ठिपका काळा असेल आणि सळईचं टोक आत रुतलं, तर झीज भिंतीपेक्षा वेगाने झाली आणि नस उघडी पडली. तिथून जंतू थेट मुळापर्यंत जातात.

इथे मालक बुचकळ्यात पडतात. "पण जेवतो की चांगला!" जेवणारच. कुत्रं दुखणं लपवतं आणि घास फारसा न चावताच गिळतं. नीट पाहिलं तर लक्षात येतं, की तो एकाच बाजूने चावतो, टोस्ट तोंडातून पाडतो, डोक्यावरून हात फिरवताना मान काढून घेतो. वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झाला की डोळ्याखाली सूज येते. काहीतरी चावलं असेल म्हणून घरचे हळद लावतात, सूज फुटते, बरी झाल्यासारखी वाटते आणि महिन्याभराने परत येते. अशा कुत्र्याच्या डोळ्यात कितीही औषध घाला, दुखणं तोंडातच राहतं.

झीज कुठे आहे त्यावरूनही बरंच कळतं. सुळ्यांची टोकं आणि मागच्या उपदाढा बोथट झाल्या असतील तर मी चेंडूवर संशय घेते. फक्त सुळ्याची मागची कड खरवडल्यासारखी दिसली तर चेंडूला सोडून द्या आणि विचारा, कुत्रं पिंजऱ्याची नाहीतर गेटची जाळी चावतं का? दिवसभर एकटं कोंडलेलं कुत्रं हमखास चावतं. तिथे खेळणं बदलून भागत नाही, त्याला फिरायला न्यावं लागतं.

मला स्वतःला चेंडूपेक्षा जास्त धास्ती वाटते ती कडक वस्तूंची. चेंडू दात झिजवायला वर्षं घेतो, मटणाची नळी एका दुपारी दाढेचा टवका उडवते. आमच्या गावात रविवारी घरोघरी रस्सा होतो आणि सोमवारी माझ्याकडे मोडक्या दाढा येतात. बाजारातली खुरं, कडक नायलॉनची हाडं, याकच्या दुधाची दगडासारखी छुरपी, सगळी त्याच माळेतली. 'नैसर्गिक' असं लिहिलेलं पाकीट पाहून भुलू नका. दगडही नैसर्गिकच असतो. दुकानातच अंगठ्याचं नख दाबून पाहा. खूण उमटली नाही तर ती वस्तू दातासाठी फार कडक आहे.

दगडावरून आठवलं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवून घ्यायचा. 1970 च्या दशकातली गोष्ट. फोक्सवॅगनची गाडी दुरुस्त करताना मार्कहॅम यांनी सस्पेन्शनचा एक रबरी भाग बाजूला टाकला, तो फ्रिट्झला दगडापेक्षा जास्त आवडला. त्यावरून कॉंग नावाचं पोकळ रबरी खेळणं आलं. आज आपल्याकडच्या दुकानांतही ते आणि त्याच्या नकला मिळतात. रबर दाबला जातो, उसळतो आणि त्यावर लव नसते, त्यामुळे माती धुतली की निघून जाते. चेंडू घ्यायचाच तर असा घ्या, आणि घशात जाणार नाही इतका मोठा. टेनिसचा चेंडू फेकून परत आणायला लावण्यात मला काही वावगं वाटत नाही. परत आणला की तो कपाटात गेला पाहिजे, एवढंच.

नस उघडी पडलेल्या दाताला दोनच उपाय: रूट कॅनाल किंवा दात काढणं. पोलिसांच्या आणि लष्कराच्या कुत्र्यांना पकड ठेवायला सुळे लागतात, म्हणून त्यांच्या सुळ्यांवर कधीकधी धातूची टोपीही बसवतात. घरच्या कुत्र्याला त्याची गरज नसते. तरी दात काढायचा म्हटलं की घरात रडू फुटतं, आता हा खाणार कसा? दुखरा दात गेल्यावर टाके भरेपर्यंत मऊ खाणं द्यायचं, बस्स. सुळा काढला म्हणून मटण सोडलेलं कुत्रं मी अजून पाहिलेलं नाही. नळी तेवढी बाजूला काढा आणि त्याच्या वाटणीचं मटण कांदा, लसूण, मसाला घालण्याआधीच वेगळं शिजवा.