मोडी वळण आणि लेखकाचा हात

बेलापूर, वाशी, घणसोली इत्यादि गांवांच्या भूमीवर आज नवी मुंबई उभी आहे. ती वसविणारी सिडको संस्था १९७० सालीं स्थापन झाली. अशा गांवांतील एखाद्या जुन्या घरांत मोडी कागद निघाला, तर तो अस्सल कीं बनावट हा प्रश्न प्रथम उभा राहतो. संग्राहक मिति, शिक्का व मजकूर पाहतात. लिहिणाऱ्या हाताकडे मात्र पुरेसें लक्ष जात नाहीं. तो हात कसा घडे, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

विद्यार्थी प्रथम धुळपाटीवर बोटानें अक्षर गिरवी. पुढें बोरू घेऊन कित्ता गिरवी. बोरूचें टोंक तिरपें कापावें लागे. काप चुकला कीं जाड-बारीक रेघांचा मेळ जाऊन अक्षर बिघडे. मोडींत शिरोरेषा आधींच ओळभर ओढून घेतात आणि तिच्याखालीं, शब्दांत अंतर न सोडतां व शक्य तों लेखणी न उचलतां, अक्षरें लिहीत जातात. ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत, विरामचिन्हेंही नाहींत. यामुळें वेग येतो. पण वेगांत अक्षर सुवाच्य राखणें हेंच खरें कसब, व तें वर्षानुवर्षांच्या सरावावांचून साधत नसे.

समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासांत लेखनक्रिया वर्णिली आहे. ती बाळबोध अक्षराची असली तरी तिचा बोध मोडीसही लागू पडतो. ग्रंथाचें पहिलें अक्षर व शेवटचें अक्षर एकाच टाकानें लिहिल्यासारखें दिसावें; तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, तें म्हातारपणीं कामास येत नाहीं; भोंवतीं मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर वांचतें. कडा झडलेलीं पानें ज्यांनीं हाताळलीं आहेत, त्यांस या शेवटच्या सूचनेचें मोल सांगावयास नको.

चिटणिशी वळण शिवकालांत रूढ झालें व पेशवाईंत भरास आलें. बिवलकरी, महादेवपंती हीं वळणें पेशवाईंतील. शिष्य गुरूचा कित्ता गिरवी, म्हणून वळण पिढ्यान्‌पिढ्या चाले. नकल करणारा अक्षराचा आकार उचलतो, ओघ उचलूं शकत नाहीं. जेथें सरावलेली लेखणी सहज वळली असती, तेथें त्याची लेखणी अडखळते, शाई सांचते, जोड तुटतो.

पेशवे दप्तरांतील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळांत ४५ खंडांत छापून निघाले. अभ्यासकांवर तें मोठेंच उपकार. परंतु छापील बाळबोधांत मजकूर उतरतो, हात उतरत नाहीं. हात ओळखावयाचा तर अस्सल कागद पाहिला पाहिजे, आणि पाहणाऱ्यानें स्वतः बोरू धरलेला असला पाहिजे. मोडी वाचावयास शिकणाऱ्यांनीं रोज चार ओळी लिहाव्या, अशी आमची विनंति आहे. संशयित कागद पुढें आला असतां डोळ्यांस न दिसणारी खोट हातास जाणवते.