विशेष शिक्षकाला संगीत का यावे?

विशेष मुलांच्या शाळेत संगीत असावे, याविषयी दुमत कोठेच आढळत नाही. वार्षिक स्नेहसंमेलनात ही मुले एखादे समूहगीत सादर करतात, पालकांचे डोळे पाणावतात, प्रमुख पाहुणे चार गौरवाचे शब्द बोलतात आणि पेटी पुढील वर्षापर्यंत कपाटात जाते. प्रश्न निराळाच आहे. या मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकाने स्वतः संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले असावे की नाही? आपल्या शिक्षणव्यवस्थेने आजवर, फारसे न बोलता, 'नसले तरी चालेल' असेच त्याचे उत्तर दिलेले आहे.

जर्मनीत ते उत्तर वेगळे आहे. तेथे विशेष शिक्षणाची पदवी घेऊ इच्छिणारा विद्यार्थी अपंगत्वाच्या ठरावीक क्षेत्रांबरोबर शालेय विषयही निवडतो, आणि अनेक ठिकाणी तो विषय संगीत असू शकतो. मात्र केवळ आवड आहे एवढ्यावर प्रवेश मिळत नाही. वाद्य वाजवून, गाऊन आणि कानाची पारख देऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. या देशात अशा शिक्षणाची पूर्वतयारीही मोलाची झालेली आहे. डॉर्टमुंडचे प्राध्यापक वेर्नर प्रोब्स्ट यांच्या मार्गदर्शनाखाली १९७९ ते १९८३ या काळात बोखुम शहराच्या संगीतशाळेत अपंग मुलांना वाद्यवादन शिकविण्याचा प्रयोग झाला. मुलांना रोगी न मानता विद्यार्थी मानणे, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. त्याच्याही आधी, १९५९ साली, इंग्लंडमधील सनफील्ड येथील बालगृहात पॉल नॉर्डॉफ हा संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हा विशेष शिक्षक एकत्र आले. त्यांच्या कार्यातून संगीतोपचाराची एक स्वतंत्र परंपराच उभी राहिली. तेथे दोन विद्या दोन माणसांत होत्या; जर्मन पदवी त्या एकाच माणसात असाव्यात अशी अपेक्षा करते.

आपल्याकडे १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषद या शिक्षकांच्या अभ्यासक्रमांचे नियमन करते. २०१५ साली विशेष शिक्षणाचा बी.एड. दोन वर्षांचा झाला, तेव्हा त्यात नाट्य व कला यांना एक छोटा कोपरा देण्यात आला. नाटक, चित्रकला, नृत्य आणि संगीत ही सारी मंडळी त्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसलेली आहेत. एवढ्या अवधीत ज्याला सूर लावता येत नाही त्याला तो येणार नाही, आणि ज्याला येतो त्याला त्याचा वर्गात उपयोग कसा करावा हे कळणार नाही.

हा उपयोग म्हणजे काय, हे पाहावयास हवे. आठ मात्रांचा केरवा घ्या. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाने इतरांबरोबर बसून केवळ समेवर टाळी द्यावयाची, असे ठरले तर त्याला सात मात्रा थांबावे लागते. आपली पाळी येईपर्यंत थांबणे ही गोष्ट अशा मुलाला शब्दांनी शिकविता शिकविता शिक्षक थकून जातो. ठेका ती न सांगता शिकवितो. परंतु मूल अर्धी मात्रा उशिरा आले तर ठेका त्याच्यासाठी थोडा लांबविण्याचे कसब शिक्षकाच्या हातात असावे लागते. ध्वनिमुद्रित गाणे मुलासाठी थांबत नाही. स्वमग्न मुलांपैकी काहींना टाळांचा कर्कश नाद असह्य होतो; कानांवर हात घेऊन पळणाऱ्या त्या मुलाला हट्टी ठरविणे सोपे आहे. टाळांऐवजी मऊ नादाचे वाद्य घ्यावे हे सुचण्यासाठी कान तयार असावा लागतो. मेंदूच्या पक्षाघाताने ज्याची बोटे वळत नाहीत, त्याच्या काठीला जाड कापड गुंडाळून मूठ करून देणे, हेही संगीतशिक्षणच होय.

कर्णबधिरांचे काय, असे कोणी विचारील. स्कॉटलंडची तालवादक एव्हलिन ग्लेनी बारा वर्षांची होईतो जवळजवळ पूर्ण बहिरी झाली होती. अनवाणी उभी राहून ती नादाची कंपने अंगाने ओळखते. आपल्या घरी चतुर्थीच्या आरतीला जे घुमट वाजते त्याच्या मातीच्या अंगावर तळवा ठेवून पाहावा. गोवा सरकारने २०१९ साली या वाद्याला राज्याच्या वारसा वाद्याचा मान दिला. घोरपडीला कायद्याचे संरक्षण मिळाल्यापासून बकऱ्याच्या चामड्याची घुमटे होऊ लागली. त्यांच्या नादाची तुलना जाणकारांनी खुशाल करावी. हाताला कळणारे कंपन शाळेला पुरेसे आहे.

येथे दोन गोष्टींचा इशारा देणे आम्हांस अवश्य वाटते. अमुक रागाने अमुक व्याधी बरी होते, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांना या शाळांच्या दारातूनच परत पाठवावे. आणि दृष्टिहीन मुलाला संगीतच उत्तम, ही सर्वत्र रुजलेली समजूतही तपासून पाहावी. विष्णु दिगंबर पलुसकरांची दृष्टी बालपणी अधू झाली व ते संगीताकडे वळले, हे खरे. परंतु प्रत्येक दृष्टिहीन मुलाच्या हातात पेटी देणे म्हणजे त्याच्या अन्य आवडीनिवडींचा विचार न करणे होय. संगीत हा हक्क आहे, नेमून दिलेला धंदा नव्हे. २००७ साली आपण मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात आणि २०१६ च्या कायद्यातही दिव्यांगांच्या सांस्कृतिक सहभागाचा उल्लेख हक्क म्हणूनच आहे.

गोव्याला या बाबतीत सबब सांगता येणार नाही. गावोगावी भजनी मंडळे आहेत, कला अकादमी आहे, पर्वरी आणि फोंडा येथे विशेष शाळा आहेत, आणि २०२३ पासून पणजीत पर्पल फेस्ट भरत आहे. उणीव आहे ती पदवीच्या अभ्यासक्रमात संगीताला स्वतंत्र, निवडीचा विषय म्हणून जागा देण्याची, व तो शिकविण्यासाठी गवय्या आणि विशेष शिक्षक या दोघांना एका वर्गात बसविण्याची. जर्मनीसारखी प्रवेशपरीक्षा येथे प्रारंभी नको. तिने उमेदवारच उरणार नाहीत. परीक्षा अखेरीस घ्यावी. उमेदवाराने दहा मुलांसमोर अर्धा तास ठेका धरावा, आणि त्यांतील न बोलणाऱ्या मुलाने एकदा तरी आपण होऊन घुमटावर हात ठेवला काय, एवढे परीक्षकाने पाहावे.